यूएस ओपन पूल प्रत्यक्ष बघायला जाताना: दिवस निवडण्यापासून टेबलाशेजारी उभं राहण्यापर्यंत

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पूल, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, त्याची जगातली एक मोठी स्पर्धा गाडीने दोन तासांच्या अंतरावर होत आली आहे. यूएस ओपन पूल चॅम्पियनशिप २०२१ पासून अटलांटिक सिटीच्या हॅराज या कॅसिनो-रिसॉर्टमध्ये भरत आली आहे. तरी जाऊन आलेल्या अनेकांची तक्रार एकच असते: ‘एकच टेबल दिसलं, तेही लांबून, आणि नेमकं काय चाललंय ते कळलं नाही.’ यात स्पर्धेचा दोष नसतो. चुकीचा दिवस, चुकीचं हॉटेल, चुकीची जागा आणि न वाचलेले नियम, या चार गोष्टींत पैसे आणि वेळ वाया जातो. म्हणून जायच्या आधीपासून परत निघेपर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं ते इथे दिलं आहे.

स्पर्धेचं ठिकाण आणि तारखा ती भरवणारी वर्ल्ड नाईनबॉल टूर दर वर्षी नव्याने जाहीर करते. ती घोषणा बघितल्याशिवाय हॉटेलला हात लावू नका.

१. आधी दिवस ठरवा, तिकीट नंतर

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. क्रिकेट आणि टेनिस बघायची सवय असल्यामुळे आपण सरळ अंतिम सामन्याच्या दिवसाचं तिकीट काढतो. पुलाच्या स्पर्धेत हा हिशोब उलटा आहे.

स्पर्धा सहसा सोमवार ते शनिवार अशी सहा दिवस चालते आणि २५६ खेळाडू उतरतात. पहिला टप्पा डबल एलिमिनेशनचा असतो, म्हणजे दोनदा हरलेला खेळाडू बाहेर. यातून ६४ जण उरले की पुढे प्रत्येक सामना बाद फेरीचा. आता आकडे मांडा. पहिल्या टप्प्यात १९२ खेळाडू दोन-दोन सामने हरून बाहेर पडतात. शिवाय पुढे गेलेल्या ६४ पैकी ३२ जण एकेकदा हरलेले असतात. मिळून ४१६ सामने झाले. त्यानंतरच्या बाद फेरीत फक्त ६३. एकूण ४७९ सामन्यांपैकी ४१६ सामने आठवड्याच्या पूर्वार्धातच उरकतात.

शनिवारी तुम्हाला दिसतात ते शेवटचे मोजके सामने, एकाच टेबलावर, दिव्यांच्या झोतात. सोमवारी किंवा मंगळवारी मात्र हॉलभर टेबलं एकाच वेळी चालू असतात आणि पाच वेळा ही स्पर्धा जिंकलेला शेन व्हॅन बोएनिंग तुमच्यापासून हाताच्या अंतरावर क्यूला चॉक लावताना दिसू शकतो. शनिवारी इतक्या जवळून तो दिसणार नाही.

म्हणून आमचा सल्ला असा:

- एकच दिवस जमणार असेल तर मंगळवार किंवा बुधवार. तोवर ‘लूझर्स साइड’, म्हणजे एकदा हरलेल्यांची बाजू, सुरू झालेली असते. तिथे पुन्हा हरला की खेळाडू घरी जातो, त्यामुळे अनोळखी नावांचे सामनेही चुरशीचे होतात.
- दोन दिवस असतील तर मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या दिवशी फिरून बघा, दुसऱ्या दिवशी बसून.
- फक्त शनिवार मोकळा असेल तर जरूर जा, पण तो एका टेबलाचा दिवस आहे हे समजून जा.

*तपासा:* नेमकी कोणत्या दिवशी डबल एलिमिनेशन संपून बाद फेरी सुरू होते ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघा. तारीख ठरवताना हीच रेषा महत्त्वाची.

२. तिकीट काढताना तीन ओळी वाचा

पहिली ओळ: तिकीट पूर्ण दिवसाचं आहे की एका सत्राचं? पूर्वार्धात सामने सकाळी उशिरा सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालतात. संध्याकाळच्या सत्राचं तिकीट घेऊन दुपारी दोनला पोचलेला माणूस दारातच अडकतो.

दुसरी ओळ: टीव्ही टेबलाभोवतीच्या, म्हणजे प्रक्षेपण होतं त्या मुख्य टेबलाभोवतीच्या, खुर्च्या तुमच्या तिकिटात धरलेल्या आहेत की त्यांचे पैसे वेगळे? पूर्वार्धासाठी त्या महागड्या खुर्च्या घेऊ नका. बाकीची टेबलं फिरून बघायची असताना एका खुर्चीला बांधून घेण्यात अर्थ नाही.

तिसरी ओळ वयाची. न्यू जर्सीत कॅसिनोच्या फ्लोअरवर २१ वर्षांखालच्यांना थांबता येत नाही. मुलांना आणायचं असेल तर स्पर्धेच्या हॉलसाठी कोणती वयोमर्यादा आहे ते तिकिटाच्या अटींत वाचा आणि फ्लोअरवर न रेंगाळता हॉलकडे जाणारी वाट पार्किंगपाशीच विचारून घ्या.

*सावध:* तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पूर्वार्धाची तिकिटं दुसऱ्याकडून चढ्या भावात घ्यायची वेळ सहसा येत नाही.

३. हॉटेल आणि रस्ता: मरीना म्हणजे बोर्डवॉक नव्हे

अटलांटिक सिटीचे दोन भाग ध्यानात ठेवा. समुद्रकाठचा लाकडी बोर्डवॉक एकीकडे आणि खाडीकडचा मरीना भाग दुसरीकडे. हॅराज मरीना भागात आहे. बोर्गाटा आणि गोल्डन नगेट ही हॉटेलंही तिथेच. ‘सीझर्स’ आणि ‘ट्रॉपिकाना’ हॅराजच्याच कंपनीची, पण बोर्डवॉकवर. एकाच कंपनीचं म्हणून स्वस्तात तिथली खोली घेतली की रोज दोनदा शहर ओलांडावं लागतं. पायी जाण्यासारखं ते अंतर नाही. जिटनी, म्हणजे तिथल्या छोट्या बसगाड्या, धावतात, पण रात्रीचा शेवटचा सामना लांबला की ताटकळत उभं राहावं लागतं.

एडिसन, पिस्कॅटवे, फ्रँकलिन पार्क या भागांतून गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेकडे या, मग अटलांटिक सिटी एक्स्प्रेसवे धरा. रस्ता मोकळा असेल तर पावणेदोन तास लागतात. एक्स्प्रेसवे संपत आला की मरीना आणि ब्रिगँटाइनकडे नेणाऱ्या बोगद्याची पाटी दिसते, तीच लेन पकडा. ती चुकली की बोर्डवॉकच्या सिग्नलांमधून वळसा पडतो.

उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारनंतर पार्कवेवर किनाऱ्याकडे जाणाऱ्यांची गर्दी असते. शुक्रवारचा सामना बघायचा असेल तर सकाळीच निघा.

रेल्वेचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा, अटलांटिक सिटीची न्यू जर्सी ट्रान्झिट गाडी फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवरून सुटते. एडिसन किंवा न्यूयॉर्कहून थेट गाडी नाही. न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीहून ३१९ क्रमांकाची बस आहे. फिलाडेल्फियाच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र रेल्वेच सोयीची.

खोलीचे दर सोमवार ते गुरुवार कमी असतात आणि शुक्रवार-शनिवारी चढतात. पूर्वार्धात जाण्याचं हे आणखी एक कारण. दर बघताना रिसॉर्ट फी आणि पार्किंग वेगळं धरा, पहिल्या पानावर दिसणाऱ्या आकड्यात ते नसतं.

४. आदल्या रात्री अर्धा तास नियमांसाठी

पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत स्नूकर बघितलेल्यांना वाटतं, हे त्याचंच छोटं भावंड. हा समज घेऊन गेलात तर निम्मा सामना डोक्यावरून जाईल. इथे खेळतात तो नाईनबॉल, म्हणजे १ ते ९ नंबरांच्या बॉलांचा पूल. स्नूकरमध्ये गुण मोजतात, इथे रॅक मोजतात. नऊ बॉल मांडून खेळलेला एक डाव म्हणजे एक रॅक. ९ नंबरचा बॉल नियमानुसार ज्याने घातला, रॅक त्याचा, मग आधीचे आठही बॉल प्रतिस्पर्ध्याने घातलेले असोत.

एवढं माहीत असलं की पुरे:

१. टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबराच्या बॉलला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. त्यानंतर पांढरा सोडून कुठलाही बॉल पडला तरी चालतो. म्हणून २ नंबरवरून ९ घालूनही रॅक संपतो.

२. बॉल लागल्यानंतर काहीतरी पॉकेटमध्ये पडलं पाहिजे, किंवा कुठला तरी बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागला पाहिजे. नाहीतर फाउल.

३. फाउल झाला की समोरच्याला ‘बॉल इन हँड’ मिळतो. पांढरा उचलून टेबलावर कुठेही ठेवता येतो. स्नूकरमधल्यासारखं ‘डी’च्या अर्धवर्तुळातच ठेवायचं बंधन इथे नाही, त्यामुळे या पातळीवर एक फाउल म्हणजे बहुतेक वेळा अख्खा रॅक गेला.

४. ब्रेकनंतरच्या, म्हणजे मांडलेले बॉल फोडणाऱ्या शॉटनंतरच्या, पहिल्याच शॉटला खेळाडू ‘पुश आउट’ जाहीर करू शकतो. तेव्हा लहान नंबराला लागण्याचं बंधन नसतं. पण नंतर खेळायचं की परत त्यालाच खेळायला लावायचं हे समोरचा ठरवतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं खेळाडूने वेडावाकडा शॉट मारला. खरं तर तो ‘हा शॉट तू घेशील का?’ असं विचारत असतो.

५. लागोपाठ तीन फाउल केले की रॅक हातचा जातो.

६. यूएस ओपनमध्ये रॅक जिंकणाराच पुढचा ब्रेक करतो.

या सहाव्या नियमावर जरा थांबा, कारण सामना कधी सोडायचा हा तुमचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. एखाद्याला लय सापडली की समोरचा अर्धा-पाऊण तास नुसता खुर्चीत बसून राहतो. २०२१ च्या अंतिम सामन्यात फिलिपिन्सचा कार्लो बियाडो ३-८ असा मागे होता. तिथून त्याने सलग १० रॅक घेतले आणि सिंगापूरच्या अलॉयशियस यापला १३-८ ने हरवलं. धावफलकावर ८-३ बघून जे कॉफी घ्यायला उठले, त्यांनी आठवडाभरातला सगळ्यात चांगला खेळ गमावला.

५. पिशवीत काय असावं

- स्वेटर किंवा शाल. बाहेर कितीही उकाडा असला तरी हॉलमधला एसी तासाभरात बोचायला लागतो. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासाठी नक्की घ्या.
- रबरी तळव्यांचे बूट. दिवसभर उभं राहावं लागतं आणि टाचांचा आवाज टेबलापर्यंत जातो.
- पॉवर बँक. लाईव्ह स्कोअर बघत राहिल्यामुळे फोन दुपारीच मान टाकतो.
- छोटी वही आणि पेन्सिल. टेबल क्रमांक आणि सामन्याची वेळ लिहिलेली असली की सारखा फोन काढावा लागत नाही.

बाहेरचं खाणं आत चालतं का ते आधी विचारा. चालत असेल तर दशमी, थेपले, लाडू असं आवाज न करणारं आणा. चिवड्याच्या प्लॅस्टिक पिशवीची चुरचुर शांत हॉलमध्ये तीन टेबलांपलीकडे ऐकू येते. शाकाहारी जेवणाची सोय रिसॉर्टमध्ये होते, पण सामन्यांच्या मधल्या वेळात रांगा लागतात, तेव्हा जेवण थोडं आधी उरका.

दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: अटलांटिक सिटीच्या कॅसिनो फ्लोअरवर काही भागात सिगारेट ओढायला परवानगी आहे. फ्लोअर टाळून जाणारा रस्ता शोधा.

६. पोचल्यावर पहिला अर्धा तास

थेट पहिल्या दिसणाऱ्या टेबलापाशी जाऊन उभे राहू नका. या क्रमाने जा:

पहिल्यांदा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता, बघा. तो टूरच्या लाईव्ह स्कोअरच्या पानावर असतो. जिंकणाऱ्यांची बाजू कोणती आणि एकदा हरलेल्यांची कोणती, हे ओळखून घ्या.

मग पुढच्या चार तासांतले तीन सामने निवडा. एक ओळखीच्या नावाचा: फेडोर गोर्स्ट, जोशुआ फिलर, को पिंग-चुंग, यांपैकी जो खेळत असेल तो. दुसरा हरणाऱ्यांच्या बाजूचा. तिसरा असा, ज्यातलं एकही नाव तुम्ही ऐकलेलं नाही. हा तिसरा सामना टाळू नका. २५६ जणांत असे कितीतरी खेळाडू असतात जे आपापल्या गावात वर्षानुवर्षं हरलेले नसतात. पहिल्या फेरीत ते जीव ओतून खेळतात.

मग हॉलभर एक चक्कर मारा. टेबलांचे क्रमांक कसे लावलेत, प्रेक्षकांना कुठपर्यंत जाता येतं, दोरी कुठे बांधली आहे, स्वच्छतागृह आणि दुसरा दरवाजा कुठे आहे, एवढं बघून ठेवा.

*तपासा:* आधी ९ रॅक घेईल तो जिंकला, असा सामना जास्तीत जास्त १७ रॅक चालतो. रॅकला सहा-सात मिनिटं धरली तरी पावणेदोन-दोन तास होतात. निवडलेले दोन सामने एकाच वेळी येत असतील तर आत्ताच एक सोडा. दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालणाऱ्याला दोन्हीतलं काही दिसत नाही.

७. कुठे उभं राहायचं

नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. कुठल्या बाजूने बघता यावर सगळं अवलंबून आहे.

ब्रेक बघायचा असेल तर ब्रेक मारणाऱ्याच्या मागच्या बाजूला, थोडं तिरकं उभे राहा. बॉल फुटून कुठे जातात ते इथून उलगडतं. समोरच्या टोकाला उभे राहिलात तर तुम्ही नेमके त्याच्या नजरेच्या रेषेत येता. तो वाकलेला असताना तुम्ही तिथे हललात तर त्याला परत सरळ उभं राहावं लागतं, आणि तो तुमच्याकडे बघतो. ही वेळ येऊ देऊ नका.

ब्रेक झाल्यावरचा खेळ लांब बाजूच्या मध्याजवळून चांगला कळतो. पांढरा बॉल कुशनवरून कुठल्या कोनात परत येतो ते तिथूनच दिसतं. बारीक कट बॉल, म्हणजे पांढरा जेमतेम कडेला लागून वळवलेला बॉल, पॉकेटमध्ये नेमका कसा जातो हे मात्र त्या पॉकेटच्या मागच्या रेषेतूनच समजतं. म्हणून एखाद्या टेबलाजवळ फार गर्दी नसेल तर रॅक संपल्यावर एकदा जागा बदला. रॅक चालू असताना नाही.

*हमखास होणारी चूक:* चांगली जागा मिळाली म्हणून टीव्ही टेबलापाशी सकाळपासून बसून राहणं. तिथला सामना नंतर घरी बघता येतो. कॅमेरा न पोचलेल्या बाजूच्या टेबलांवरचा खेळ पुन्हा दिसणार नाही.

लाईव्ह स्कोअरवर ८-८ दिसलं तर तिकडे निघा. याला ‘हिल-हिल’ म्हणतात: दोघांनाही जिंकायला एकच रॅक हवा. पण तिथे पोचल्यावर शॉट चालू असेल तर दोन टेबलं अलीकडेच थांबा.

८. बघायचं काय

बॉल पडला की टाळ्या, इतकंच बघितलं तर तासाभरात कंटाळा येतो, कारण या पातळीवर बॉल पडतातच. खरा खेळ पांढऱ्या बॉलचा आहे.

ब्रेकपासून सुरुवात करा. ९ नंबर स्पॉटवर (टेबलावरच्या खुणेवर) ठेवून बॉलांचा रॅक लावतात, त्यामुळे कडेचा बॉल कोपऱ्यात सहजासहजी जात नाही. बरेच खेळाडू १ नंबर मधल्या पॉकेटमध्ये घालण्याच्या बेताने मारतात. बॉल फुटल्यावर तीन गोष्टी क्रमाने बघा: काही पडलं का, पांढरा टेबलाच्या मध्याजवळ थांबला का, आणि तिथून सगळ्यात लहान नंबर दिसतो का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर रॅक बहुधा त्याच पाळीत संपेल.

मग खेळाडू टेबलाभोवती चालतो. तो चालतो तेव्हा तुम्हीही अडचणीचा बॉल शोधा: एकमेकांना चिकटलेली जोडी, कुशनला टेकलेला बॉल, वाट अडवणारा बॉल. बाकीचा सगळा रॅक त्या एका अडचणीभोवती आखलेला असतो.

आता एक उदाहरण. समजा ७ नंबर खालच्या कोपऱ्यापाशी आहे, ८ वरच्या छोट्या कुशनजवळ आणि ९ मधल्या पॉकेटशेजारी. खेळाडू ६ घालतो आणि पांढरा ७ च्या मागे अगदी सरळ रेषेत येऊन थांबतो. बघणारे टाळ्या वाजवतात, कारण ७ आता लहान मूलही घालेल. पण खेळाडू तोंड वाकडं करतो. पांढरा सरळ रेषेत असल्यामुळे त्याला फक्त पुढे किंवा मागे नेता येतं, आणि ८ तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे. थोडा कोन असता तर ७ घालून पांढरा कुशनला लागून आपोआप वर गेला असता. आता त्याला जोरात मागे खेचावा लागेल. कोपऱ्याचं पॉकेट जेमतेम ४ इंचांचं आणि बॉल सव्वादोन इंचांचा, त्यामुळे जोर वाढला की बॉल पॉकेटच्या ओठाला लागून बाहेर येण्याची भीती वाढते. चूक ७ वर दिसते, पण ती झालेली असते ६ वर.

म्हणून प्रत्येक शॉटआधी मनात बोट ठेवा: पांढरा इथे थांबेल. मग बघा कुठे थांबतो. पहिल्या रॅकमध्ये दहापैकी आठ अंदाज चुकतील. दुपारपर्यंत निम्मे बरोबर येऊ लागतात आणि सामना तुमच्यासाठी वेगळाच होतो.

खुर्चीत बसलेल्याकडेही लक्ष ठेवा. प्रतिस्पर्ध्याचा पांढरा दोन-तीन इंच जास्त गेला की तो खुर्चीत पुढे सरकतो आणि चॉककडे हात नेतो. चूक त्याला तुमच्या आधी दिसलेली असते.

सेफ्टीची चढाओढ सुरू झाली की बरेच जण उठून जातात. बसून राहा. इथे बॉल घालायचा नसतो, पांढरा दुसऱ्या बॉलच्या आड दडवायचा असतो. समोरच्याला मग कुशनवरून फिरवून तो बॉल गाठावा लागतो, नाहीतर छोट्या जंप क्यूने पांढरा उडवावा लागतो. जंप शॉटच्या वेळी टेबलाला चिकटून उभे असाल तर एक पाऊल मागे या. पांढरा कधीकधी टेबलाबाहेर येतो.

९. आवाज, हालचाल आणि फोन

मॉस्कोनी कपची चित्रफीत बघून आलेल्यांना वाटतं, पुलाच्या सामन्यात आरडाओरडा चालतो. तिथे तो चालतो, कारण ती युरोप विरुद्ध अमेरिका अशी सांघिक लढत आहे आणि वातावरणच तसं ठेवतात. यूएस ओपनच्या बाजूच्या टेबलांवर तसं वागू नका. पलीकडच्या टेबलावरचा माणूस तुमच्या ओरडण्याच्या क्षणी शॉट मारत असतो.

- खेळाडू शॉटसाठी वाकला की जिथे असाल तिथे थांबा. तो सरळ झाला की चाला.
- टाळ्या चांगल्या शॉटनंतर थोडक्यात, रॅक संपल्यावर मोकळेपणाने. चुकलेल्या शॉटवर कधीच नाही. तुमच्या आवडत्या खेळाडूच्या फायद्याची चूक असली तरी नाही.
- फोन पूर्ण बंद आवाजावर, फ्लॅश बंद, स्क्रीनचा उजेड कमी. फ्लॅश चुकून उडाला तर स्वयंसेवक बाहेर काढू शकतात.
- इअरफोनवर समालोचन ऐकत असाल तर प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. ऐकून प्रतिक्रिया देऊ नका.
- बाजूच्या टेबलांवर सहसा स्वतंत्र रेफरी नसतो, खेळाडू आपले फाउल आपणच सांगतात आणि अटीतटीच्या शॉटआधी रेफरीला बोलावतात. तुम्हाला फाउल दिसला तरी बोलू नका. प्रेक्षकाने तोंड घातलं की भांडण होतं. मराठीतून कुजबुजलात तरी हात दाखवणं सगळ्यांना कळतं.
- रिकाम्या टेबलावर टेकू नका, कडेला पेला ठेवू नका, क्यूच्या पिशवीला हात लावू नका.

*तपासा:* लहान मुलं बरोबर असतील तर बाहेर जायच्या दाराजवळची जागा घ्या. एका सामन्यात मध्येच दोनदा उठावं लागलं तर पुढचा सामना मागून बघा.

१०. खेळाडूंना कधी भेटायचं

पूर्वार्धात खेळाडू हॉलमध्येच वावरतात, त्यामुळे भेट सोपी असते, फक्त वेळ साधावी लागते. सामन्याआधी सराव करणाऱ्याला थांबवू नका. सामना संपल्यावर जिंकणाऱ्याला निकाल नोंदवायचा असतो, तेवढं होऊ द्या, मग सही किंवा फोटो विचारा. बहुतेक खेळाडू आनंदाने थांबतात. हरलेल्याला क्यू पिशवीत ठेवू द्या आणि जाऊ द्या. एकदाच हरलेल्याला पुढचा सामना काही तासांत असू शकतो आणि दुसऱ्यांदा हरलेल्याची स्पर्धा संपलेली असते. दोघांनाही त्या वेळी फोटो नको असतो.

सहीसाठी जाड पेन स्वतःचं न्या.

११. शुक्रवार-शनिवारसाठी वेगळी तयारी

आता टेबलं कमी होतात आणि सगळं टीव्ही टेबलाभोवती येतं. इथे खुर्ची महत्त्वाची, म्हणून तिकीट लवकर काढा. मधोमध लांब बाजूची खुर्ची मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर ब्रेकच्या टोकाची बाजू घ्या.

इथे रेफरी रॅक लावतो आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉटची वेळ मोजणारं घड्याळ, लागलेलं असेल तर शॉटला साधारण ३० सेकंद आणि रॅकमागे एकदाच वाढीव वेळ मिळते. वाढीव वेळ केव्हा मागितली ते बघा. त्या क्षणी खेळाडू दोन मार्गांमध्ये अडकलेला असतो, आणि तुम्हीही तोच प्रश्न सोडवून बघू शकता.

सामना सुरू झाल्यावर आत-बाहेर फक्त रॅकच्या मधे सोडतात. स्वच्छतागृहाला आधीच जाऊन या. उपांत्य फेरी आणि अंतिम सामन्याच्या मधल्या वेळात जेवायला लांब जाऊ नका, पहिला सामना अपेक्षेपेक्षा लवकर संपला की पुढचा अलीकडे येऊ शकतो.

शनिवारी रात्री चषक दिल्यावर सगळे एकदमच पार्किंगकडे निघतात. गाडी कितव्या मजल्यावर आहे त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवा, पार्किंगचे पैसे मधल्या वेळात भरता येत असतील तर भरून टाका. परतताना पार्कवेवर रात्री पेट्रोल आणि चहासाठी थांबायचं तर सर्व्हिस एरिया ठरावीक अंतरानेच आहेत, म्हणून टाकी निघायच्या आधीच बघा.